ठिणगी कोणाच्या हाती?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या गॅरेजच्या मागील शेडमध्ये १९५१ सालचा एक शेवरोले ट्रक उभा आहे. कधीकाळी गुळाच्या भेल्या वाहणारा हा ट्रक आता मालकांच्या तिसऱ्या पिढीने हौसेने दुरुस्तीला काढला आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. आमचा आणि इंजिनाचा संबंध एस. टी.च्या खिडकीपर्यंतचा. परंतु ट्रकमालक आमचे माजी विद्यार्थी. त्यांच्या आग्रहाने आम्ही एकदा त्या शेडमध्ये गेलो आणि मग जातच राहिलो. कारण तेथे जे चालले होते ते आमच्या ओळखीचे होते. सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री एक बिघडलेली संहिता वाचत होते.

बंद पडलेल्या पेट्रोल इंजिनासमोर जुना मिस्त्री आधी एकच प्रश्न विचारतो : पेट्रोल की करंट? इंधन पोहोचत नाही, की ठिणगी पडत नाही? या दोन शब्दांतल्या दुसऱ्याचा, म्हणजे 'करंट'चा, इतिहास येथे थोडक्यात मांडावा असा आमचा मानस आहे. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण सुमारे दीडशे वर्षांत ही ठिणगी पाडण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, हा प्रश्न निव्वळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. ज्याच्या नावाने आपण आजही विजेचा दाब मोजतो, त्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७७ च्या सुमारास विजेचे 'पिस्तूल' तयार केले होते. बंद भांड्यात दलदलीतला वायू आणि हवा भरायची, आत विजेची ठिणगी पाडायची आणि उडालेले बूच पाहायचे, असा तो प्रयोग. १८६० साली एतिएन लेन्वार याने पॅरिसमध्ये आपले वायूवर चालणारे इंजिन विजेच्या ठिणगीनेच चालवले. असे असूनही पुढची काही दशके इंजिनबांधणी करणारे विजेला बिचकत होते. बॅटऱ्या कमकुवत, तारांवरचे आवरण कच्चे, ठिणगीचा भरवसा नाही. म्हणून डाइमलर आणि मायबाख यांनी १८८० च्या दशकात दुसरा मार्ग पत्करला. सिलिंडरात उघडणारी एक बारीक नळी बाहेरून ज्योतीने लाल होईपर्यंत तापवायची आणि दाबले गेलेले मिश्रण त्या तापल्या नळीत शिरून पेटू द्यायचे. १८९६ साली डाइमलरने जगातील पहिला मोटार-ट्रक बांधला. दोन सिलिंडर, चार अश्वशक्ती. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत सतत एक उघडी ज्योत बाळगण्याचे धाडस हे त्या युगाचे वैशिष्ट्य होते.

येथे एका शब्दाची नोंद घेतली पाहिजे. मोटार चालवणाऱ्याला फ्रेंच भाषेत 'शोफर' म्हणू लागले. या शब्दाचा मूळ अर्थ तापवणारा, भट्टी पेटती ठेवणारा. वाफेच्या इंजिनावरचा हा शब्द मोटारीवर आला आणि तेथून इंग्रजीवाटे आपल्या जुन्या कथा-कादंबऱ्यांत, दिवाणखान्याबाहेर टोपी सावरत उभ्या असलेल्या शोफरच्या रूपाने स्थिरावला. आग सांभाळणारा तो चालक, ही व्युत्पत्ती आपल्या वाचकांच्या ध्यानी सहसा येत नाही. पण या इतिहासाचे पहिले प्रकरण तिच्यात सामावले आहे.

कार्ल बेंझने मात्र १८८६ च्या आपल्या मोटारीत विजेचीच कास धरली. बॅटरी, थरथरणारी कॉइल आणि ठिणगीचा प्लग अशी त्याची रचना होती. पुढे रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १८९७ मध्ये मोटारीच्या इंजिनाला मॅग्नेटो जोडून दाखवला. मॅग्नेटो म्हणजे फिरत्या इंजिनाच्याच बळावर वीज निर्माण करणारे चुंबकी यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही. १९०२ मध्ये बॉशचा अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला आणि वेगवान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

ठिणगी पडू लागली. पण ती केव्हा पडावी? हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मिश्रण पेटायला काही काळ लागतो, म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधीच ठिणगी पडली पाहिजे. आणि वेग जितका अधिक तितकी ती आणखी आधी पडली पाहिजे. मिनिटाला ३००० फेऱ्या करणाऱ्या इंजिनात एका अंशाचा फरक म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. हा हिशेब सुरुवातीच्या काळात चालकाच्या डाव्या हातात होता. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत आणि १९१७ पासून तिच्याच यंत्रावर बेतलेल्या टीटी ट्रकमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याला दोन खटके असत : उजवीकडचा इंधनाचा, डावीकडचा ठिणगीच्या वेळेचा. चढ लागला की ठिणगी मागे घ्यायची, मोकळा रस्ता आला की पुढे सारायची, हे चालकाला कानाने ठरवावे लागे.

या अधिकाराची किंमतही चालकच मोजत असे. गाडी हँडल मारून सुरू करायची. त्या वेळी ठिणगीचा खटका मागे ओढायला विसरले, तर मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन उलटा झटका देई आणि हँडल मनगटावर येई. मनगटाच्या हाडाच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकात आजही शोफरचा अस्थिभंग म्हणतात. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही शिकवण आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांनी आपल्या क्लीनरांना दिली ती याच भयापोटी. जुन्या हुनराविषयी हळहळताना ही तुटलेली मनगटे विसरता कामा नयेत.

दुसरे प्रकरण अमेरिकेतील डेटन गावात घडले. चार्ल्स केटरिंग हा रोकड मोजण्याच्या यंत्रांच्या कंपनीतला अभियंता. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात त्याने फावल्या वेळात मोटारीसाठी बॅटरीवरची नवी ठिणगी-यंत्रणा तयार केली. १९०९ मध्ये दोघांनी 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी' स्थापन केली. आद्याक्षरांनी तिचे नाव झाले डेल्को. कॅडिलॅकच्या हेन्री लेलंडने आठ हजार संचांची मागणी नोंदवली. त्याच केटरिंगचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला आणि मनगटे वाचू लागली. आद्याक्षरांच्या त्या शब्दाचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. स्पॅनिश भाषेच्या कोशात 'डेल्को' हे डिस्ट्रिब्युटरचे सामान्यनाम म्हणून दाखल झाले आणि भारतीय उपखंडातल्या जुन्या गॅरेजांतही डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणणारे मिस्त्री भेटतात. आमच्या मिस्त्रींना या कंपनीचे नावही ठाऊक नव्हते. शब्द मात्र त्यांच्या तोंडी होता.

केटरिंगच्या रचनेचे मर्म समजावून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात : एक जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो तेव्हा चुंबकीय क्षेत्र उभे राहते. तो प्रवाह एकाएकी तोडला की क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्यातून बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब निर्माण होतो. म्हणजे जोडण्यातून नव्हे, तोडण्यातून ठिणगी पडते. हे तोडण्याचे काम करणारी धातूची दोन टिकल्यांएवढी टोके म्हणजे सी. बी. पॉइंट. आरंभी ती प्लॅटिनमची असत, पुढे टंगस्टनची झाली. शेजारचा कंडेन्सर तुटताना उडणारी आग शोषून घेतो आणि तोडणे लख्ख करतो. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर तयार झालेला दाब पाळीपाळीने एकेका प्लगला वाटून देतो. सहा सिलिंडरांचे इंजिन ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर ही टोके सेकंदाला दीडशे वेळा उघडतात आणि मिटतात. फेऱ्या वाढल्या की केंद्रापसारी वजने फाकून ठिणगी आपोआप पुढे सरकवतात. पुढे निर्वात दाबावर चालणारी डबीही त्यांच्या मदतीला आली. फोर्डच्या मॉडेल ए मोटारीत १९३१ पर्यंत चालकाचा खटका टिकून होता, पण त्याचे दिवस भरले होते. ठिणगीची वेळ आता चालकाने नव्हे, तर मिस्त्रीने लावायची होती.

आमच्या उद्यमनगरातल्या ट्रकचे इंजिन हे या दुसऱ्या युगाचे अस्सल अपत्य. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तेथून निघालेल्या शेवरोले ट्रकांनी आणि बसगाड्यांनी पश्चिम भारतातल्या कितीतरी गावांना पहिल्यांदा मोटारीचे तोंड दाखवले. १९४८ च्या १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली बस धावली, ती बेडफर्ड कंपनीची. आणि बेडफर्डच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनांची वंशावळही शेवरोलेच्या इंजिनापाशीच जाऊन पोहोचते. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून डॉज आणि फार्गो ट्रक बांधले, त्यांतही पेट्रोल इंजिने होती. या सगळ्यांचे भवितव्य त्या दोन टिकल्यांमधल्या फटीवर अवलंबून होते.

मिस्त्रींनी आम्हाला ही फट दाखवली. शेवरोलेच्या इंजिनात ती एका इंचाच्या सुमारे अठरा सहस्रांश भागाएवढी, म्हणजे जाडसर पुठ्ठ्याइतकी. फिलर गेजची पाती तिच्यातून अडखळत नव्हे, पण किंचित रेंगाळत सरकली पाहिजे. फट वाढली की टोके कमी वेळ मिटलेली राहतात, कॉइल पुरती भरत नाही आणि वेगात ठिणगी मंदावते; फट घटली की टोके जळतात आणि ठिणगीची वेळही मागे पडते. फ्लायव्हीलवर पोलादाची एक बारीक गोळी ठोकलेली असते. खिडकीतून ती काट्यासमोर आली की टायमिंग जुळले. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. मिस्त्री तो पाढ्यासारखा म्हणतात.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी अंशांच्या खुणा असलेली एक पट्टी होती. पेट्रोलच्या दर्जाप्रमाणे ठिणगी थोडी पुढे-मागे करण्याची ती सोय. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा आपल्याकडच्या बसगाड्या आणि ट्रक कोळशाच्या वायूवर धावत. हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याच्यासाठी ठिणगी अधिक आधी पाडावी लागे. मिस्त्रींच्या वडिलांनी अशा गाड्या हाताळल्या होत्या. तेव्हा कारखान्याने ठरवलेला आकडा हा आरंभ होता, शेवटचा शब्द नव्हे. गावचे इंधन, गावचा चढ आणि गाडीवरचा बोजा पाहून तो आकडा स्थानिक बोलीत उतरवावा लागे.

मिस्त्रींच्या कामाला आम्ही वाचन म्हणतो ते उगीच नाही. त्यांनी काढलेल्या जुन्या पॉइंटच्या एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा होता. एकाचा धातू उडून दुसऱ्यावर बसला होता. अर्थात कंडेन्सरचे माप चुकलेले. टोके निळी-काळी पडली असतील तर जादा प्रवाह किंवा तेलाचा अंश. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तेथून करंट पळतो. प्लगवर कोरडी काजळी असेल तर एक अर्थ, ओले तेल असेल तर दुसरा. कोल्हापूरच्या पावसात ओल धरलेल्या तारांतून गळणारी ठिणगी रात्री दिवे मालवून बॉनेट उघडले की निळसर सरपटताना दिसते. मग कॅप कोरड्या फडक्याने पुसायची. आवाजाची भाषा आणखी निराळी : एकच सिलिंडर मिस मारतो त्याची लय आणि पॉइंट दमल्याची लय एक नसते.

"सर, पॉइंटची गाडी आधी सांगत्या, मग बंद पडत्या," मिस्त्री म्हणाले. पॉइंट झिजतो तो हळूहळू. गाडी आठ-पंधरा दिवस कुरकुरते, चढावर दम टाकते, सकाळी उशिरा पेटते. या सांगण्यावरच त्यांच्या व्यवसायाची उभारणी झाली होती.

आपल्याकडे हा अध्याय एका चमत्कारिक योगायोगाने मिटू लागला. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला. परकी सुटे भाग जोडून गाड्या विकण्यापेक्षा देशातच उत्पादन करण्याचा आग्रह सरकारने धरला होता. त्याच वर्षी जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझचा पहिला डिझेल ट्रक तयार झाला. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. डिझेल स्वस्त, इंजिन दणकट. पुढील काळात जुन्या पेट्रोल ट्रकांतही मूळ इंजिन काढून पर्किन्ससारखी डिझेल इंजिने बसवली गेली. ट्रकच्या मिस्त्रीच्या तोंडचा 'पेट्रोल की करंट' हा प्रश्नच संपला. पॉइंटचे ज्ञान जीप, फिअ‍ॅट आणि अ‍ॅम्बॅसेडर गाड्यांकडे सरकले. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींनी ते पुष्कळ वर्षे जपले. ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सीही रस्त्यावरून निघाल्या.

अमेरिकेत मात्र हलक्या आणि मध्यम ट्रकांत पेट्रोल इंजिनच राहिले, म्हणून ठिणगीचे तिसरे प्रकरण तेथे लिहिले गेले. ट्रान्झिस्टर १९४७ मध्येच सिद्ध झाला होता. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये पाँटिअॅक गाड्यांत ट्रान्झिस्टरवरची ठिणगी-यंत्रणा मागणीनुसार देऊ केली, पण खर्च अधिक आणि निकड कमी, म्हणून ती मागे पडली. निकड निर्माण केली ती हवेने. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरावर कडक बंधने घातली आणि ती पाच वर्षे किंवा ५०,००० मैलांपर्यंत पाळली जावीत अशी अट घातली. झिजणाऱ्या, दर काही हजार मैलांनी जुळवाव्या लागणाऱ्या पॉइंटवर असे वचन देता येत नव्हते. शिवाय १९७५ पासून धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. एक सिलिंडर जरी मिस मारू लागला तरी न जळलेले पेट्रोल त्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो तापून निकामी होतो. क्रायस्लरने १९७३ च्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्वत्र बसवली. जनरल मोटर्सची 'हाय एनर्जी इग्निशन', अर्थात एचईआय, १९७५ पासून सरसकट आली. तिच्यात पॉइंट नाहीत, कंडेन्सरही नाही. दातेरी चक्र चुंबकाजवळून फिरते, एका बारीक वेटोळ्यात संकेत उमटतो आणि आगपेटीएवढे एक मॉड्यूल कॉइलचा प्रवाह तोडते. ठिणगी इतकी जोमदार की प्लगची फट ३५ सहस्रांश इंचावरून ४५ ते ६० सहस्रांशापर्यंत वाढवता आली.

याला अधोगती म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. शहरांच्या हवेतले विष कमी झाले, त्यात या मॉड्यूलचा वाटा आहे. सेल्फ-स्टार्टरने मनगटे वाचवली, तशी याने फुप्फुसे. प्रश्न वेगळाच आहे, आणि तो आम्हाला उद्यमनगरातच उमगला.

मालकांनी आपल्या ट्रकसाठी अमेरिकेहून एचईआय धर्तीचा डिस्ट्रिब्युटर मागवला. त्या इंजिनासाठी तसे संच तयार मिळतात. मूळ ट्रक सहा व्होल्टचा. तो फार पूर्वीच कोणीतरी बारा व्होल्टवर आणला होता. मिस्त्रींनी मॉड्यूलखाली उष्णता वाहून नेणारे मलम काळजीपूर्वक लावले (ते विसरले तर मॉड्यूल जळून मरते), नव्या जाड तारा ओढल्या, टायमिंग जुळवले. अर्ध्या फेरीत इंजिन पेटले आणि घड्याळासारखे चालू लागले. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या चढावर मात्र गाडी धडधडू लागली. मोकळ्यावर ठीक, बोजा आला की मिस. सोबतच्या तरुणांनी कार्बोरेटर खोलला. तो निर्दोष होता.

मिस्त्रींनी मीटर घेतला. इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून त्यांनी डिस्ट्रिब्युटरकडे येणारा दाब मोजला : पूर्ण बारा व्होल्ट. तरुणांनी तेथेच पुरवठा निर्दोष ठरवला. मिस्त्री मात्र गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "चालू करून बघूया." इंजिन चालू केल्यावर काटा नऊच्या खाली उतरला. गोष्ट उघड झाली. पॉइंटच्या काळात टोके जळू नयेत म्हणून कॉइलच्या वाटेवर एक रेझिस्टर बसवतात. बारा व्होल्टचे काम करताना तो बसवला होता आणि नवी यंत्रणा जोडताना जुन्या तारांच्या जुडग्यात तो राहून गेला होता. इंजिन बंद असताना मॉड्यूल प्रवाह घेत नाही, त्यामुळे रेझिस्टरवर दाब घटत नाही आणि मीटर खोटे समाधान देतो. सेल्फ मारताना रेझिस्टर वगळून थेट पुरवठा होतो, म्हणून गाडी झटक्यात पेटते. चढावर सिलिंडरातला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि नेमके तेव्हाच ते मिळत नाही. रेझिस्टर काढून थेट तार ओढली, गाडी पन्हाळा चढून आली. या निदानाचे मूळ कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा एका जुन्या सवयीत होते : वस्तू कामात असताना तिची परीक्षा घ्यावी.

चार-सहा महिन्यांनी गाडी पुन्हा अडली. या वेळी कुरकूर नाही, दम टाकणे नाही. भर बाजारात एकाएकी बंद, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. मीटरवर पिक-अप वेटोळ्याचे माप बरोबर येत होते. मिस्त्रींनी निर्वात डबीची नळी तोंडात धरून ओढली, आतील तबकडी हलली आणि मीटरचा काटा तुटल्यासारखा पडला. वेटोळ्याकडून मॉड्यूलकडे जाणारी तार त्या तबकडीबरोबर सतत वाकत राहते. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले. त्यांनी आम्हाला जुना डिस्ट्रिब्युटर काढून दाखवला. त्यातही पॉइंटकडे जाणारी तार तशाच तबकडीला बांधलेली होती आणि अशीच तुटत असे. एवढी सुधारणा झाली, तरी वाकून वाकून तुटण्याचा तांब्याचा स्वभाव बदलला नव्हता, आणि त्या स्वभावाची ओळख एका म्हाताऱ्या माणसाला होती.

"ह्यो डबा काय सांगत न्हाई," मॉड्यूलकडे बोट दाखवत ते म्हणाले. "चालतोय तवर चालतोय." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. जुना डिस्ट्रिब्युटर मात्र त्यांनी नवे पॉइंट, कंडेन्सर आणि तो काढलेला रेझिस्टर यांच्यासह तेलकट फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवून दिला. वाटेत मॉड्यूल मेलेच तर एक पाना आणि फिलर गेज एवढ्यावर गाडी घरी आणता येईल.

आता चौथे प्रकरण सुरू झाले आहे. सीएनजीवर धावणारे ट्रक आपल्या महामार्गांवर दिसू लागले. सीएनजी दाबल्याने आपोआप पेटत नाही. तिला ठिणगी लागते, आणि पेट्रोलपेक्षा जोमाची लागते. म्हणजे १९५४ नंतर आपल्या ट्रकमधून हद्दपार झालेली ठिणगी परत आली आहे. पण ती आता चालकाच्या खटक्यात नाही आणि मिस्त्रीच्या फिलर गेजमध्येही नाही. नव्या इंजिनांत ती केव्हा पडावी हे संगणक ठरवतो, आणि त्या संगणकाशी बोलण्यासाठी लागणारे साधन व सांकेतिक माहिती बहुधा उत्पादकापाशी असते. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या कक्षेत शेतीची अवजारे आणि मोबाइल यांच्याबरोबर मोटारगाड्याही घेतल्या गेल्या. या हक्काची गरज कायद्याला भासावी, यातच इतिहासाने घेतलेले वळण दिसते.

साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की संहिता वाचायला शिका, नुसते सारांश पाठ करू नका. नव्या गाडीच्या फळीवर पेटणारा पिवळा दिवा हा असा एक सारांश आहे. तो बहुधा बरोबरच असतो, आणि संगणकाने दिलेला सांकेतिक आकडा दोषाच्या जवळपास नेऊनही सोडतो. परंतु काटा बारा व्होल्ट दाखवत असताना 'चालू करून बघूया' म्हणणारा माणूस त्या आकड्यात नाही. त्याचे ज्ञान पुढच्या पिढीला द्यायचे तर नव्या यंत्राच्या आतही तिला डोकावता आले पाहिजे. जुने पॉइंट परत आणण्याची मागणी त्यासाठी करावी लागत नाही.

उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रींच्या हाताखाली सध्या एकच मुलगा आहे. आयटीआयमधून आला आहे, मीटर उत्तम वापरतो. परवा आम्ही गेलो तेव्हा मिस्त्रींनी सीटखालचे गाठोडे सोडून जुना डिस्ट्रिब्युटर त्याच्या हातात दिला होता आणि मुलगा पॉइंटच्या फटीतून पाती सरकवत होता. "अजून जरा," मिस्त्री न बघताच म्हणाले. मुलाने स्क्रू सैल केला आणि पुन्हा पाती घातली.